आईचा अंगठा

एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट आली तशी मी पुण्याहून बाडबिस्तरा गुंडाळून मराठवाड्यातल्या आमच्या गावी आले. ऑफिसचं काम घरून, म्हणजे खरं तर गच्चीवरून, कारण आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. एका दुपारी हाताला काम नव्हतं म्हणून रोजगार हमीच्या सरकारी संकेतस्थळावर शिरले. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं एकेक निवडत गेलं की गावातल्या सगळ्या जॉबकार्डांची यादी उघडते. पासवर्ड लागत नाही, कुणीही बघावं. वडील गेले त्याला सात वर्षं झाली होती. त्यांच्या नावाचं जुनं कार्ड अजून दिसतं का, एवढंच मला बघायचं होतं.

कार्ड दिसलं. त्यावर आईचं नाव होतं आणि नावापुढे कामाचे दिवस : 36.

सहा आठवड्यांची सहा मस्टरं, म्हणजे हजेरीपत्रकं, 11 जानेवारी ते 20 फेब्रुवारी. दर 238 रुपये, त्या वर्षीचा सरकारी दर. आठवड्याचे 1,428, एकूण 8,568. काम : सलग समतल चर खोदणे, म्हणजे पाणी अडवायला डोंगरउतारावर आडवे चर.

8 जानेवारीला आई ओट्यावरून घसरली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर. ते निघालं 22 फेब्रुवारीला. मधल्या दिवसांत ती भाकरी थापू शकत नव्हती, वेणी घालू शकत नव्हती, शेजारची पोरगी येऊन तिला चहा करून द्यायची. आणि सरकारी कागदावर आई डोंगरउतारावर कुदळ मारत होती.

मी खाली येऊन तिला सांगितलं तर ती आधी हसलीच. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं नाव आसल बाई. चुकून पडलं आसल." आईचं हे कायमचं. जगात जे काही वाईट घडतं ते तिच्या लेखी चुकून घडतं.

मी म्हटलं, पैसे कुठे आहेत मग? तिला माहीत नव्हतं. तिच्या खात्यात तिच्या माहितीप्रमाणे फक्त निराधारचा पगार यायचा, महिन्याला 1,000 रुपये. बँक तालुक्याला, 14 किलोमीटर. त्यामुळे गावातलाच एक मुलगा मशीन घेऊन घरोघरी फिरतो, आधार नंबर टाकतो, अंगठा लावून घेतो आणि पैसे हातात देतो. आई त्याला लहानपणापासून ओळखते. त्याच्या आईच्या बाळंतपणात हिनं शेक-शेगडी केलेली.

पासबुक भरून आणलं. 1,428 च्या सहा नोंदी, 1,000 च्या दोन. काढलेली रक्कम दोनदा : एकदा 5,000, एकदा 5,500. शिल्लक 68 रुपये. आईच्या हातात दोन्ही वेळा हजारच आले होते.

आता इथे कथा सरळ असायला हवी होती. कुणी पैसे खाल्ले, आम्ही तक्रार केली, त्यांना शिक्षा झाली. मला तेव्हा तसंच वाटत होतं. भोळेपणा काय फक्त आईकडेच होता असं नाही.

भावानं पहिल्याच रात्री सांगितलं, "कशाला नादी लागायलीस? तुला जायचंय पुण्याला. मला हितंच ऱ्हायचंय." त्याचं खोटं नव्हतं. आमच्या सरपंचबाई नावाला. कारभार बघतात त्यांचे यजमान. गाव त्यांना भाऊ म्हणतं. भाऊंचा भाचा ऊसतोडीचा मुकादम. दसऱ्याच्या आसपास कोयत्याला उचल मिळते ती त्याच्याकडून, आणि आमचं अर्धं गाव त्या उचलीवर जगतं. उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे, जे पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायचे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. यामुळेच तर मस्टरचा घोळ इतका सोपा होता. जानेवारीत ही सगळी माणसं कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असतात. गावात नसलेल्या माणसाची हजेरी लावणं सगळ्यात सोयीचं, तो विचारायला येत नाही. आईच्या मस्टरवर 14 नावं होती. मी मोजली, त्यातली 11 तेव्हा फडात होती.

मग आईचं नाव का घातलं असेल? मला वाटतं, विधवा बाई, मुलगी पुण्याला, हात मोडलेला. ही काय विचारणार, हाच हिशेब.

जूनमध्ये मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. त्यासाठी वकील लागत नाही. जोडपत्र 'अ' चा नमुना असतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, हे पाळायचं. नाहीतर त्याच कारणावरून अर्ज परत येतो. मी चार गोष्टी मागितल्या : त्या सहा मस्टरच्या प्रमाणित प्रती, मोजमाप पुस्तिकेतली पानं, कामाचे फोटो, आणि आईनं काम मागितल्याचा नमुना 4. शेवटची गोष्ट एका मैत्रिणीनं सुचवली आणि ती फार कामाची ठरली. रोजगार हमीत काम आपोआप मिळत नाही, मजुरानं मागावं लागतं. न मागता मिळालेलं काम म्हणजे कुणीतरी तिच्या नावानं मागितलेलं.

ग्रामसेवकांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि परत दिला. "कशाला पाहिजे ताई हे?" कारण सांगायचं बंधन नाही, कलम 6(2). मी ते म्हटलंही, आवाज जरा थरथरला. ते हसून म्हणाले, "कलम आम्हालाही माहीत आहेत." अर्ज मात्र घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. कुणी करणार असेल तर पहिल्यापासून पोस्टानंच करा. पोस्टाची पावती हा एकच कागद असा आहे की जो गावात कुणी बदलू शकत नाही.

तीस दिवस गेले. उत्तर नाही. त्या तीस दिवसांत आमच्या गल्लीचा पाण्याचा व्हॉल्व्ह दोनदा "बिघडला". भावाला सोसायटीच्या कर्जाचा कागद मिळेना. एका संध्याकाळी भाऊ स्वतः दारात आले. चप्पल बाहेर काढून, वाकून. आईला म्हणाले, "काकू, पोरगी शिकलीय, चांगली गोष्टय. पण घरातलं भांडण कोर्टात नेतेत का?" आणि पाचशेच्या नोटांची घडी देवापाशी ठेवली. "नऊ हजार हायेत. चूक झाली पोराकडून."

आईनं ती घडी उचलली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझं काय गेलंय की मी घेऊ?"

हे तिनं तत्त्व म्हणून म्हटलं नाही, हे मला सांगायला हवं. तिला खरंच कळत नव्हतं की न केलेल्या कामाचे पैसे आपण का घ्यायचे. रात्री ती मला म्हणाली, किती वाईट वाटलं असेल त्यांना, घरी आलेल्या माणसाला तसंच पाठवलं.

पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपये. सप्टेंबरात पंचायत समितीत सुनावणी लागली. मी काय काय कल्पना केली होती! प्रत्यक्षात एक खोली, दोन टेबलं, विस्तार अधिकारी जेवणाचा डबा आवरत होते. ग्रामसेवक म्हणाले, सदर दप्तर ग्रामपंचायतीत नाही, तहसीलला आहे. मी म्हटलं, मग कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायला हवा होता. अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आदेश झाला : पंधरा दिवसांत माहिती द्यावी, आणि मुदत टळल्यामुळे फुकट द्यावी, कलम 7(6). एरवी पानाला 2 रुपये पडतात. माझे 60-70 रुपये वाचले, आणि त्याचा मला जो आनंद झाला तो हास्यास्पद होता.

प्रती आल्या. मी त्या आईपुढे पसरल्या. मस्टरवर प्रत्येक नावापुढे सही किंवा अंगठ्याचा रकाना. आईच्या नावापुढे जांभळ्या शाईचा ठसा आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं : निशाणी डा. हा. अं. म्हणजे डाव्या हाताचा अंगठा.

आई बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "पण मी अंगठा कुठं करते?" ती म्हणाली. "मला सही येते की."

येते. नव्वदच्या दशकात गावात रात्रीचे साक्षरतेचे वर्ग भरायचे, देवळाच्या ओसरीत, कंदिलाच्या उजेडात. आई तिथे फक्त नाव लिहायला शिकली. वाचता तिला आजही धड येत नाही. पण रेशनच्या रजिस्टरवर, आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर तिनं सहीच केली. एकेक अक्षर कोरून, वर रेघ मारून, आणि शेवटी एक ठिपका, जो का द्यायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे गेले तेव्हा ती हसली होती. खोटी हजेरी लागली तेव्हा "चुकून" म्हणाली होती. अंगठा बघितल्यावर मात्र ती चिडली. "मला आडाणी केलं व्हय त्यांनी?"

त्या रात्रीपासून तक्रार माझी राहिली नाही, तिची झाली.

रोजगार हमीत तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार. त्यांच्याकडे तक्रार दिली की तिची नोंद करून सात दिवसांत निकाली काढावी, असं केंद्राच्या 2005 च्या कायद्यात कलम 23 मध्ये लिहिलं होतं. आमच्या बाबतीत सात दिवसांनी काय आलं? आईच्या नावानं नोटीस. "आपल्या खात्यात सदर कामाची मजुरी रक्कम रु. 8,568 जमा झालेली असून आपण ती बायोमेट्रिक पडताळणीद्वारे काढल्याचे दिसून येते. सबब आपणाकडून सदर रक्कम वसूल का करण्यात येऊ नये, याचा खुलासा..."

मी ती चार वेळा वाचली. कायद्याच्या दृष्टीनं ती चूकही नव्हती, हीच तर गंमत. मस्टरवरचा अंगठा खोटा होता, पण मशीनवरचा खरा होता. पैसे आईच्या खात्यातून आईच्या बोटानं निघाले होते. तक्रार करायला गेलेली बाई आरोपी होऊन घरी आली. पुढे इतरांशी बोलल्यावर कळलं की ही ठरलेली चाल आहे : मजुराच्या खात्याशिवाय पैसा फिरत नाही, त्यामुळे बोट नेहमी मजुराकडेच दाखवता येतं. ज्याला हे माहीत असतं तो तक्रार करत नाही.

खुलाशासोबत आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक्स-रे जोडला. कारकून म्हणाला, "एक्स-रेवर नाव पेनानं लिहिलेलं आहे, कुणाचाही असू शकतो." मग डॉक्टरांकडून प्लास्टर घातल्याची आणि काढल्याची तारीख लेटरहेडवर आणली. नमुना 4 मागितला होता, तो दप्तरात सापडलाच नाही; 'उपलब्ध नाही' असं लेखी मिळालं, आणि ते मिळणं हेच मोठं झालं. जुनी प्रगतिपुस्तकं ट्रंकेतून काढली. 1998 पासूनच्या सह्या, सगळ्या ठिपक्यासकट.

जागेची पाहणी नोव्हेंबरात झाली. दिवाळी उरकून गाव पुन्हा फडात गेलेलं. उरलेल्या 13 जणांपैकी एकाचाही जबाब होऊ शकला नाही. जे दोघं-तिघं गावात होते त्यांना नेमकं त्या दिवशी तालुक्याला काम निघालं. मी त्यांना दोष देत नाही. उचल घेतलेल्या माणसानं बोलायचं कशाच्या जिवावर?

नायब तहसीलदार, तांत्रिक सहायक, ग्रामसेवक, मस्टर भरणारा रोजगार सेवक आणि आम्ही दोघी, अशी वरात डोंगरावर. चर होते, खोटं नव्हतं. टेप लावला, रुंदी दोन फूट. तांत्रिक सहायक म्हणाला, डिझाइनप्रमाणे बरोबर आहे. मला काही सुचेना. आई मात्र चराच्या कडेला बसली आणि मुरमाच्या भिंतीवरून हात फिरवायला लागली. वरच्या कडा पावसानं ढासळल्या होत्या, पण खाली, जिथे मुरूम घट्ट होता, तिथे सरळ उभे ओरखडे होते. पाच, समान अंतरावर. थोडं पुढे परत पाच.

"साहेब," आई म्हणाली, "मी बाराच्या दुष्काळापासून माती खोदलीय. कुदळीचा घाव असा पडत न्हाई. एकाला एक सारखा तर कधीच न्हाई."

जेसीबीच्या बकेटचे दात. या योजनेत ठेकेदार चालत नाही आणि मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं लावता येत नाहीत, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. नायब तहसीलदार खाली उतरले, ओरखड्यांना मोबाइल लावून फोटो काढले आणि एक शब्द बोलले नाहीत. परतताना त्यांनी आईला त्यांच्या गाडीत पुढे बसवलं.

शेवटची सुनावणी डिसेंबरात. सरपंचबाईंनाही बोलावलं होतं. भाऊ सोबत आले, पण साहेबांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. पंचायतीत बायकांसाठी जागा राखणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीला तेव्हा एकोणतीस वर्षं होत आली होती आणि मला वाटतं त्या बाई पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय एखाद्या साहेबापुढे बसल्या असाव्यात. त्यांना विचारलं, हे काम तुम्ही पाहिलं होतं का? त्यांनी दाराकडे पाहिलं. परत विचारलं. त्या म्हणाल्या, "सही कर म्हणले, केली."

मग जबाबावर सह्या झाल्या. शिपायानं सवयीनं शाईचा पॅड आईपुढे सरकवला. आईनं तो परत सरकवून पेन मागितलं. तिची सही होईपर्यंत सगळे थांबले, वेळ लागतो. नंतर पेन सरपंचबाईंकडे गेलं. त्यांनीही एकेक अक्षर कोरलं, वर रेघ मारली आणि शेवटी एक ठिपका दिला.

मी आईकडे पाहिलं. "आमच्याच वर्गात व्हती," ती हळूच म्हणाली. "ठिपका बाईंनी शिकवलेला, सगळ्यांना."

आदेश 2022 च्या जानेवारीत आला. आईवरची वसुली रद्द. ती रक्कम रोजगार सेवकाकडून वसूल करावी, त्याला कामावरून कमी करावं. मजुरी देण्यात दोष आढळल्याबद्दल ग्रामसेवकांना कारणे दाखवा. कायद्याचं कलम 25 तेव्हा दंड सांगत होतं तो हजार रुपयांपर्यंत, त्यामुळे त्या बाजूला मी डोळे लावलेच नव्हते. भाऊंचं नाव आदेशात कुठेच नाही. कसं असेल? त्यांची कुठल्याच कागदावर सही नाही, अंगठा नाही, त्यांना कुठलं पदच नाही. सगळ्या फायलीत त्यांच्याइतका स्वच्छ माणूस दुसरा सापडणार नाही. जेसीबी कुणाचा होता हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. पंचनाम्यात 'यंत्राच्या खुणा आढळल्या' एवढंच आहे.

रोजगार सेवक म्हणजे बारावी झालेला, लग्न न जमणारा एक मुलगा, मानधन कामाच्या दिवसांवर. तो आईच्या पाया पडायला आला. मी आतूनच म्हटलं, बाहेर उभं राहा. आईनं त्याला चहा दिला. तो रडत होता आणि भाऊंबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. त्याच्याबद्दल मला काय वाटतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं जांभळ्या शाईत स्वतःचा अंगठा बुडवून आईच्या नावापुढे टेकवला असेल, किंवा भाऊंच्या ओसरीत बसलेल्या दुसऱ्या कुणाचा. विचारलं नाही.

मशीनवाल्या मुलाचा आयडी दोन महिने बंद होता. मग तो चुलतभावाच्या नावावर सुरू झाला. बँक अजूनही 14 किलोमीटरवरच आहे आणि आईच्या मनगटाला थंडीत एसटीचा दांडा धरवत नाही.

परवा गावी होते तेव्हा तो आला. ओसरीवर बसला, मशीन पुसलं, आईच्या पुढे धरलं. आईनं अंगठा लगेच टेकवला नाही.

"किती टाकलेस ते मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं.

"आन् खाली किती ऱ्हायले?"

त्यानं तेही वाचलं. मग आईनं अंगठा टेकवला, पैसे मोजून कनवटीला लावले आणि हात पुढे केला. "पावती."

"मावशी, रोल संपलाय."

"मग उद्या आणून दे," आई म्हणाली. "मी बसते."